थकलेल्या जनावरांचा गोठा

शेतकऱ्याच्या दारी जनावर येते ते कामासाठी. परंतु वर्षानुवर्षांच्या सहवासाने ते घरचेच होऊन जाते. नांगर, कुळव, पाभर आणि गाडी यांना ज्याने दहा-बारा वर्षे खांदा दिला तो बैल, जिच्या दुधावर घरातील मुले वाढली ती गाय, आणि ज्याच्या भरवशावर खळ्यावरील रास रात्रभर उघडी राहिली तो कुत्रा, हे सर्व केव्हातरी थकतात. तरुणपणी त्यांच्या निगेकडे आपोआप लक्ष जाते, कारण त्यावर काम अवलंबून असते. थकल्यावर मात्र त्यांचे दावे हळूहळू गोठ्याच्या कोपऱ्याकडे सरकते. उजेड, वारा आणि कोरडी जागा कामाच्या जनावरास मिळते व ओलसर अंधारा कोपरा म्हाताऱ्याच्या वाट्यास येतो.

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्यात, हा प्रश्न आज पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचा झाला आहे. पूर्वी काम न करणारा बैल घोडेगाव किंवा काष्टी येथील बाजारात विकला जाई. गाईंची कत्तल १९७६ च्या कायद्यानेच बंद झाली होती. ४ मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी आली. त्यामुळे थकलेल्या बैलाचे उरलेले आयुष्य बहुधा मालकाच्याच गोठ्यात जावयाचे, हे आता गृहीत धरले पाहिजे. बैल साधारणतः बारा ते चौदा वर्षांचा होईपर्यंत काम करतो. चांगली निगा राहिल्यास तो अठरा-वीस वर्षे जगतो. म्हणजे विश्रांतीची चार-सहा वर्षे त्याने कशी काढावयाची, हा विचार प्रत्येक पशुपालकास करावा लागतो. जनावर मोकाट सोडून देणे हा त्यावरील उपाय नव्हे. उपासमार किंवा तहान यांमुळे यातना होतील अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. त्याच कायद्याने वयामुळे अपात्र झालेल्या जनावरास कामास जुंपण्यासही मनाई केली आहे.

"बैल म्हातारा झाला, आता त्याला उठवत नाही," असे उद्गार खेड्यापाड्यांतून नेहमी ऐकू येतात. अशा वेळी गोठा नीट पाहिला तर पुष्कळदा असे आढळते की, बैलाच्या अंगात उठण्याइतकी ताकद आहे. पण पायाखालची फरशी गुळगुळीत आहे, दावे आखूड आहे आणि तोंडासमोर भिंत आहे. गोठा तरुण जनावरासाठी बांधलेला असतो. जनावराचे वय वाढते, गोठा मात्र तसाच राहतो. थोड्या श्रमात आणि बहुतांशी घरच्याच साहित्यात तो गोठा म्हाताऱ्या जनावरास सोयीचा कसा करता येईल, याचा विचार येथे केला आहे.

वय कसे ओळखावे

बैलाचे वय दातांवरून ओळखण्याची रीत आपल्या शेतकऱ्यांना चांगली अवगत आहे. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि जुळलेला हे शब्द बाजारात रोज वापरले जातात. सुमारे दोन वर्षांच्या वयात कायम दातांची पहिली जोडी येते आणि चार ते साडेचार वर्षांत खालच्या जबड्यातील आठही दात पुरे होतात. त्यानंतर दात झिजू लागतात. दहा-बारा वर्षांपुढे ते आखूड होतात, त्यांच्यात फटी पडतात व काही हलू लागतात. मात्र चघळण्याचे खरे काम दाढांचे असते आणि त्या सहजी दिसत नाहीत. म्हणून जनावर खाते कसे, इकडे लक्ष द्यावे. वैरणीचे चघळलेले बोळे तोंडातून खाली पडणे, खाताना मान एका बाजूस कलविणे, शेणात न पचलेल्या वैरणीचे लांब तुकडे दिसणे, ही दाढा निकामी झाल्याची चिन्हे होत.

याशिवाय उठण्यास वेळ लागणे, चालताना पाऊल आखूड पडणे, बसण्यापूर्वी बराच वेळ घुटमळणे, डोळ्यांत सारा पडणे, पाठीचा कणा व माकडहाड वर येणे, ही वार्धक्याची लक्षणे आहेत. ती दिसू लागताच गोठ्यात फेरबदल करण्याची वेळ आली असे समजावे. जनावर एकदा पडेपर्यंत थांबू नये.

बैल उठतो कसा

गोठ्याची रचना समजण्यासाठी बैलाची उठण्याची रीत ध्यानात घेणे अवश्य आहे. घोडा उठताना आधी पुढचे पाय रोवतो. गाय व बैल यांचे याच्या उलट असते. ते प्रथम पुढच्या गुडघ्यांवर भार देतात, मान व डोके जोराने पुढे फेकतात आणि त्या झोक्याने मागचा भाग उचलतात. मागचे पाय उभे राहिल्यावर मग पुढचे पाय एकेक करून सरळ होतात.

यावरून तीन गोष्टी उघड होतात. पहिली, डोके पुढे फेकण्यासाठी बसलेल्या जनावरासमोर दोन-तीन फूट मोकळी जागा हवी. दुसरी, गुडघे टेकण्यासाठी जमीन मऊ व मागील खूर रोवण्यासाठी ती खरबरीत हवी. तिसरी, दावे इतके सैल हवे की मानेला झोका घेता यावा. तरुण बैल या तिन्हींच्या अभावीही ताकदीच्या जोरावर उठतो. संधिवाताने सांधे आखडलेल्या बैलाला ते साधत नाही. दोन-तीन वेळा घसरल्यावर तो उठण्याचा प्रयत्नच सोडतो. बसून राहिल्याने स्नायू दबतात, अंगावर जखमा होतात, आणि जे जनावर आणखी काही वर्षे जगले असते ते आठवडाभरात दगावते.

जमीन

गोठ्याची जमीन ही म्हाताऱ्या जनावराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब होय. दगडी फरशी किंवा घोटलेला सिमेंटचा कोबा शेण-मुताने ओला झाला म्हणजे अत्यंत निसरडा होतो. राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर या बागायती तालुक्यांत दुधाचा धंदा वाढला तसे कोब्याचे गोठे पुष्कळ झाले. ते धुण्यास सोपे असले तरी म्हाताऱ्या गाईस धोक्याचे आहेत. अशा कोब्यावर टाकीने चार-चार इंचांच्या अंतराने अर्धा इंच खोल खाचा पाडाव्यात. ते शक्य नसल्यास निदान एका जनावराच्या जागेवर रबरी चटई अंथरावी, किंवा विटांची एक ओळ लावून आत सहा इंच जाडीचा वाळूचा थर द्यावा.

नव्याने जागा करावयाची असल्यास चोपण दिलेला मुरूम उत्तम. पारनेर-संगमनेरच्या माळरानावर तो जवळच मिळतो. नेवासे, शेवगावच्या काळ्या जमिनीत मात्र वरची माती एक फूट काढून तेथे मुरूम भरावा. नाहीतर पावसाळ्यात चिखल होऊन खूर कुजतात. मूत्र वाहून जाण्यासाठी गव्हाणीकडून मोरीकडे पाच फुटांस दीड इंच एवढा उतार पुरे. उतार यापेक्षा जास्त दिल्यास मागील पायांवर सतत ताण येतो. डोके चढाच्या बाजूस असल्यास जनावरास उठणे सुलभ जाते, हेही या रचनेने साधते.

जमिनीवर बिछाना घालावा. उसाचे पाचट, भाताचा पेंढा, गव्हाचा भुसा किंवा सरमाडाचा चुरा यांपैकी जे घरी असेल ते चार-सहा इंच जाड पसरावे. ओला भाग रोज सकाळी काढून उकिरड्यात टाकावा व तेवढेच नवे भरावे. हा खर्च वाया जात नाही. थकलेला बैलही दररोज दहा किलोच्या आसपास शेण देतो, म्हणजे वर्षाकाठी साडेतीन टनांहून अधिक. मूत्र शोषलेल्या बिछान्यासह ते कुजविल्यास उत्तम खत मिळते. जू उतरले तरी बैलाची शेतीस मदत चालूच असते, ती अशी.

उंबरठा हाही अडथळाच असतो. गोठ्याचे जोते उंच असल्यास पायऱ्यांऐवजी मुरमाचा उतार करावा. एक फूट उंचीसाठी निदान आठ ते दहा फूट लांबीचा उतार ठेवावा आणि त्यावर आडव्या खाचा पाडाव्यात. खिलारी बैलाची शिंगे लांब असतात आणि म्हाताऱ्याची नजर मंद झालेली असते; यास्तव दार चार-पाच फूट रुंद असावे.

दावे, गव्हाण आणि पाणी

थकलेल्या बैलास वेसणीने बांधून ठेवू नये. घसरल्यास सारा भार नाकपुडीवर येऊन ती फाटण्याचा संभव असतो. म्होरकी किंवा गळ्यात रुंद पट्टा घालून त्यास चार-पाच फुटांचे दावे लावावे व मध्ये भोवरकडी ठेवावी, म्हणजे पीळ पडत नाही. मान जमिनीवर टेकवून कुशीकडे वळविता आली म्हणजे दावे पुरेसे सैल आहे असे समजावे.

शक्य असेल तेथे न बांधणेच श्रेयस्कर. मुक्त संचार गोठ्याची पद्धत जिल्ह्यातील दूध उत्पादकांनी पुष्कळ ठिकाणी स्वीकारली आहे. सांधे आखडलेल्या जनावरास दिवसभराची थोडीथोडी हालचाल औषधाप्रमाणे उपयोगी पडते. परंतु म्हातारे जनावर तरुणांच्या कळपात सोडू नये. ती त्यास गव्हाणीवरून हुसकावून लावतात. त्याच्यासाठी बांबूचे किंवा काटेरी नसलेल्या फांद्यांचे वेगळे कुंपण करावे. छपराखाली सुमारे चाळीस चौरस फूट व बाहेर त्याच्या दुप्पट मोकळी जागा असल्यास एका बैलाची सोय होते. जोडीतील दुसरा बैल अथवा एखादे शांत वासरू शेजारी ठेवावे. वर्षानुवर्षे जोडीने वावरलेले जनावर एकटे पडल्यास पुष्कळदा खाणे कमी करते.

गव्हाणीचा तळ उभ्या जागेपासून चार-सहा इंच वर असावा. जनावर पुढचे पाय फाकवून किंवा गुडघे टेकून खात असेल तर तळ आणखी वर घ्यावा. त्यासाठी एखादे लाकडी खोके किंवा कापलेला पिंप पुरेसा होतो. पाणी जनावराजवळ न्यावे, जनावरास विहिरीवर किंवा ओढ्यावर नेऊ नये. उन्हाळ्यात मोठ्या बैलास दिवसाला पन्नास लिटर किंवा त्याहून अधिक पाणी लागते. जे जनावर चालण्यास कष्ट पडतात म्हणून पाण्याकडे जात नाही, त्याचे पोट सुटत नाही आणि ते खाणेही सोडते. हिवाळ्यात सकाळी बर्फासारखे गार पाणी न देता विहिरीचे ताजे पाणी द्यावे.

ऊन, वारा व पाऊस

या जिल्ह्यात एकच गोठा सर्वत्र चालणार नाही. अकोले तालुक्याच्या पश्चिमेस, भंडारदरा-घाटघरच्या परिसरात पाऊस अतोनात पडतो. तेथील डांगी जातीच्या जनावराची कातडी तेलकट असल्यामुळे पावसात त्याचा निभाव लागतो. परंतु म्हातारपणी हा गुणही कमी पडतो. तेथे जमीन एक-दीड फूट उंच करावी, वाऱ्याच्या बाजूने कुडाची भिंत घालावी आणि खूर दिवसातून काही तास तरी कोरडे राहतील असे पाहावे.

पाथर्डी, जामखेड, कर्जत या अवर्षणप्रवण तालुक्यांत उन्हाळा हा मोठा शत्रू आहे. पत्र्याखाली बांधलेले म्हातारे जनावर दुपारी धापा टाकते. पत्र्यावर पाचट किंवा तुराट्यांचा जाड थर घालावा, अथवा दुपारपुरते त्यास कडुनिंबाच्या सावलीत न्यावे. २०१२-१३ आणि २०१८-१९ या दुष्काळी वर्षांत जिल्ह्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या. पुन्हा तशी वेळ आल्यास म्हाताऱ्या जनावरास छावणीत पाण्याच्या टाकीजवळ व दांडग्या जनावरांपासून दूर जागा मागून घ्यावी. लांबचे अंतर त्यास चालवीत नेऊ नये.

हिवाळ्यात माळरानावर झोंबरा वारा सुटतो. रोड झालेल्या जनावराच्या अंगावर चरबी नसते, म्हणून थंडी त्यास लवकर बाधते. दोन बारदाने शिवून केलेली झूल रात्री अंगावर घालावी व सकाळी उन्हात वाळवावी. बंद गोठ्यात शेकोटी पेटवू नये. धुराने खोकला जडतो आणि बिछाना पेटण्याचे भय असते.

वैरण

दाढा झिजलेल्या जनावरापुढे अख्खा कडबा टाकणे म्हणजे भरल्या ताटावर उपाशी ठेवणे होय. कडब्याची इंचभर लांबीची कुट्टी करावी व पाणी शिंपडून ती थोडी मऊ होऊ द्यावी. वाळलेल्या वैरणीवर युरियाची प्रक्रिया केल्यास ती मऊ व अधिक पचनीय होते. त्यासाठी शंभर किलो वैरणीस चार किलो युरिया सुमारे पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून सारखा शिंपडावा आणि वैरण दाबून, झाकून तीन आठवडे ठेवावी. युरियाचे प्रमाण वाढवू नये. खडे तसेच राहिल्यास किंवा युरियाचे पाणी जनावराने प्यायल्यास विषबाधा होते. झाकण काढल्यावर वैरण काही वेळ हवेशीर पसरून मगच द्यावी.

चारशे किलो वजनाच्या बिनकामी बैलास दिवसाला आठ ते दहा किलो कोरडा चारा, त्यासोबत थोडी लसूणघास किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेल्या फुले जयवंतसारखे कोवळे हिरवे गवत, आणि किलोभर भिजविलेला भरडा पुरतो. रोज तीस ते पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे. दिवसातून दोनदा भरपूर घालण्यापेक्षा चार वेळा थोडेथोडे घालणे चांगले. वैरणीतील कोणताही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा.

साखर कारखान्यांच्या पट्ट्यात उसाच्या वाढ्यांवर जनावरे पोसण्याची प्रथा आहे. वाढ्यांत ऑक्झॅलेट असते व ते शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते. आधीच हाडे ठिसूळ झालेल्या जनावरास केवळ वाढ्यांवर ठेवू नये. कडबा मिसळावा आणि खनिज मिश्रण चुकवू नये. कांद्याचे भाव पडले म्हणजे कुजका कांदा जनावरांपुढे ओतला जातो. कांदा अधिक प्रमाणात पोटात गेल्यास रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, लघवी तांबूस-काळी होते व जनावर दगावू शकते. अशक्त जनावराच्या बाबतीत हा धोका पत्करूच नये.

म्हातारपण आणि रोग यांतील फरक

प्रत्येक दुखण्यास 'वय झाले' असे म्हणणे ही मोठी चूक होय. पुढील दुखणी उपचाराने बरी होतात किंवा आटोक्यात राहतात.

खूर : काम करणाऱ्या बैलाचे खूर रस्त्यावर झिजतात. काम थांबताच ते वाढून वर वळतात आणि चाल बिघडते. वर्षातून दोनदा जाणकाराकडून नख्या छाटून घ्याव्यात. काम बंद झालेल्या बैलाची पत्री काढून टाकावी. लोखंड फरशीवर घसरते.

खांदा : जुवाच्या घर्षणाने आलेली खांदेसूज किंवा जुनी जखम काम थांबविल्यावरही चिघळत राहते. ती दाखवून घ्यावी.

शिंग : डोके वारंवार झटकणे, शिंग खुंट्यावर घासणे, मान एका बाजूस कलविणे व एका नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येणे, ही शिंगाच्या कर्करोगाची लक्षणे होत. हा रोग मोठ्या वयाच्या बैलांत आढळतो. वेळीच शस्त्रक्रिया केल्यास प्राण वाचू शकतो.

दुग्धज्वर : तिसऱ्या वेतापुढील दुभती गाय विण्याच्या सुमारास बसली व मान कुशीकडे वळवून पडून राहिली, तर ते बहुधा रक्तातील कॅल्शियम घटल्याचे लक्षण असते. नाव ज्वराचे असले तरी अंग गार पडते. पशुवैद्यकाने शिरेतून कॅल्शियम दिल्यास गाय पुष्कळदा काही तासांत उभी राहते. उशीर झाल्यास मरते.

लाळ-खुरकुत आणि लम्पी यांच्या लसीकरणातून म्हातारे जनावर वगळू नये. २०२२ च्या लम्पीच्या साथीत राज्यातील असंख्य पशुपालकांनी नुकसान सोसले. अशक्त जनावरात रोग बळावतो आणि तेथून तो सबंध गोठ्यात पसरतो.

वेदनाशामक औषधे व गिधाडे

संधिवाताच्या वेदना औषधाने कमी करता येतात. मात्र औषध निवडण्याचा अधिकार पशुवैद्यकाचाच आहे आणि त्यामागे सर्व गावाच्या हिताचे कारण आहे. एके काळी डायक्लोफिनॅक हे औषध जनावरांना सर्रास टोचले जाई. असे जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणारी गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरत. या कारणाने भारतातील गिधाडांच्या प्रमुख जाती नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्या. संशोधकांनी २००४ मध्ये हे कारण सिद्ध केले व २००६ मध्ये भारत सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक यांवरही तशीच बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचे आढळले आहे. माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या कुप्या आणून जनावरास टोचणे बेकायदा आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट प्रत्येक वस्तीवर समजावून सांगावी, कारण गिधाडे नाहीशी झाली म्हणजे गावाबाहेरील मृत जनावरे कुजत पडतात व मोकाट कुत्री वाढतात.

जनावर बसले तर

पडलेल्या जनावराची शेपूट पिळून, पराणी टोचून किंवा तोंडावर पाणी मारून त्यास उठविण्याचा प्रयत्न करू नये. ताबडतोब जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. शासनाच्या फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. मदत येईपर्यंत जनावरास मऊ वाळूवर किंवा जाड पाचटावर घ्यावे. ते एका कुशीवर आडवे पडले असल्यास पोट फुगते. म्हणून पाठीशी वाळूची पोती लावून त्यास छातीवर बसते करावे. दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी, नाहीतर खालच्या पायाचे स्नायू दबून निकामी होतात. पाणी व कुट्टी तोंडाशी ठेवावी. उठविताना छातीखालून व मांड्यांपुढून रुंद गोणपाट घालून चार-सहा माणसांनी सारखा आधार द्यावा.

राखणीचा कुत्रा आणि घरातील मांजर

वाडीवस्तीवर राखणीचा कुत्रा व मेंढपाळाच्या वाड्यावरील कुत्रा यांचाही उतारवयात विचार व्हावयास हवा. थोराड कुत्रा सात-आठ वर्षांनंतर व लहान चणीचा दहा वर्षांच्या सुमारास थकू लागतो. त्याची झोपण्याची जागा ओट्यावर असेल तर ती खाली आणावी, किंवा चढण्यासाठी गोणपाट ठोकलेली फळी तिरकी लावावी. फरशीवर त्याचे पाय घसरतात. निजण्याच्या जागेपासून दारापर्यंत जुन्या पोत्यांची वाट अंथरावी. अन्नपाण्याची भांडी विटेवर ठेवल्यास मान फार वाकवावी लागत नाही. भाकरी ताकात किंवा वरणात कुस्करून द्यावी. त्यात कांदा-लसूण नसावा, तो कुत्र्यास व मांजरास विषारी आहे.

दृष्टी गेलेला कुत्रा वासाने व सवयीने घरात वावरतो. म्हणून त्याच्या वाटेतील खाट, पाट, भांडी यांच्या जागा बदलू नयेत आणि विहिरीला कठडा असावा. ऐकू न येणाऱ्या कुत्र्याजवळ मागून एकदम जाऊ नये. तो दचकून चावतो. समोरून यावे किंवा जमिनीवर पाय आपटावा, म्हणजे त्यास कंप जाणवतो. मुलांना हे शिकवावे. पिसाळ रोगाची लस दरवर्षी टोचून घ्यावी. कुत्रा म्हातारा झाला म्हणून ती थांबवू नये.

म्हाताऱ्या मांजरास उंच फळीवर उडी मारता येत नाही. मध्ये एखादे खोके ठेवून पायरी करावी. बाहेर जाणे जमत नसल्यास काठ ठेंगणे असलेल्या पाटीत माती किंवा राख घालून कोपऱ्यात ठेवावी. माणसांच्या तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजरास प्राणघातक ठरते. आयब्युप्रोफेन कुत्र्यासही देऊ नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

वरील सुधारणा व्याख्यानाने पटत नाहीत, पाहिल्याने पटतात. कार्यकर्त्यांनी प्रत्येक गावात थकलेले जनावर असलेला एक गोठा निवडावा आणि मालकाच्या संमतीने तेथे तीनच गोष्टी करून दाखवाव्यात : समोरची जागा मोकळी करणे, दावे सैल करणे व जमीन खरबरीत करून वर बिछाना घालणे. एका दिवसात हे काम होते. त्यानंतर बैलास उठताना शेजाऱ्यांनी पाहावे, एवढेच पुरे आहे.

तपासणीसाठी पोळ्याचा मुहूर्त सोयीचा आहे. श्रावण अमावास्येला, आणि काही गावांत भाद्रपद अमावास्येला, बैलाची पूजा होते. त्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करून बैलाच्या खांद्यास तूप-हळद लावली जाते. हात खांद्यावर फिरतोच आहे, तर त्याच वेळी तो शिंगांच्या बुडाशी, गुडघ्यांवर व खुरांतही फिरावा; तोंड उघडून दात पाहावेत. गावातील सर्व थकलेल्या जनावरांची त्या दिवशी यादी केल्यास पशुवैद्यकास एकाच भेटीत ती तपासता येतील.

अखेरीस असाही दिवस येतो की कोणताही उपाय चालत नाही. असाध्य वेदनांत असलेल्या जनावराविषयीचा निर्णय पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच घ्यावा. मृत जनावर विहीर व ओढा यांपासून दूर, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे.

ज्या बैलाचे काम संपले त्याच्यासाठी मुरमाच्या चार पाट्या, पाचटाचा भारा व दोन हात दावे एवढे खर्चणे कोणत्याही शेतकऱ्यास जड नाही. एवढे केल्यास बैल रोज सकाळी आपल्या पायांवर उभा राहील, आणि त्यास उठविण्यासाठी चार माणसे बोलाविण्याची पाळी पुष्कळ वर्षे येणार नाही.